नावाच्या पानामागे

अंगठा अडखळला. दुपार कलली होती, खिडकीखाली एक ट्रक टीं टीं करत मागे येत होता, टेबलावर तिच्या वडिलांच्या, नानांच्या, कपाटातून आलेलं पहिलं खोकं उघडं पडलं होतं आणि ती त्यातल्या एका पुस्तकाचं नावाचं पान उलटत होती. तेवढ्यात अंगठ्याखाली कागद बदलला. वर गुळगुळीत, खाली गुळगुळीत, मध्ये बोटभर रुंदीचा एक पट्टा मांजराच्या जिभेसारखा खरखरीत. या लिलावगृहाच्या पुस्तक विभागात तिचे केस पिकले होते. बोटांना कळतं ते डोळ्यांना मागाहून कळतं आणि डोक्याला सगळ्यात शेवटी, असं ती नव्या माणसांना शिकवत असे. आज बोटांनंतर थेट पोटालाच कळलं. तिनं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. टेबलावरचा दिवा मान पिरगाळून आडवा केला. उजेड कागदावरून सरपटत गेला आणि तो पट्टा लव आल्यासारखा दिसू लागला. कोणीतरी इथलं कागदाचं कातडं सोललं होतं.

ती प्रकाशनसंस्था ब्रिटिश, जुनी, आणि आता कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या पोटात जाऊन जिरलेली. पुस्तकाच्या कण्यावर तळाशी सोनेरी कंदील छापायची तिची पद्धत, म्हणून धंद्यातले लोक तिला नुसतं कंदीलवाले म्हणत. कंदीलवाल्यांची पहिली आवृत्ती ओळखायला अक्कल लागत नाही, सवय लागते, असं नाना सांगत. नावाच्या पानाची पाठ बघायची. तिथं ‘प्रथम प्रकाशित’ आणि साल एवढी एकच ओळ असली, खाली कोरा कागद असला, तर पहिली. त्याखाली ‘पुन्हा छापलं’ अशी आणखी ओळ आली की संपलं. मग एक ओळ असो की सहा. फार जुन्या पुस्तकांवर ओळच नसते. तिथं नावाच्या पानावरचं साल, शेवटच्या जाहिरातींमधलं साल, कापडाचा रंग, कंदिलाची काच गोल की चौकोनी, असं सगळं ताडून बघावं लागतं. हे तिला अक्षरं जुळवून वाचता येण्याआधीपासून माहीत होतं. घरात पाहुणे आले की नाना तिला पुढे करत, ‘बाईसाहेब, सांगा बरं ही पहिली का?’ आणि ती पान उलटून ‘पहिली’ म्हणे. नानांच्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक पहिलंच होतं. कंदीलवाल्यांच्या कादंबऱ्यांचा एवढा पुरा संच कोणा एका माणसाकडे नाही, असं त्यांच्या कॉलेजात म्हणत. निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली तरी म्हणत. आता तो संच कॉलेजला जाणार होता, त्या खोलीला नानांचं नाव द्यायचं ठरलं होतं, आणि पुस्तकं खरी पहिली आहेत असं बाहेरच्या जाणकारानं लिहून द्यावं एवढीच कॉलेजची अट होती. लिलावगृहाच्या साहेबांनी ते काम हौसेनं तिच्याकडे दिलं. माझ्याच वडिलांचं मी कसं तपासू, म्हटल्यावर ते हसले होते. ‘अहो बाई, घरचं लग्न आणि आचारीही घरचाच. याहून चांगलं काय?’

शिशाचा टाइप कागदाला चावतो. शाई खरवडली तरी चावा राहतो. भिंगाखाली तिला दातांच्या खुणा दिसल्या, पण वाचता येईनात. मग तिचं लक्ष समोरच्या पानाकडे गेलं. ते अर्पणपत्रिकेचं पान, जवळजवळ मोकळं. शाई ओली असताना पुस्तक दाबलं गेलं की एका पानावरच्या अक्षरांची उलटी सावली समोरच्या पानावर पडते, इतकी फिकी की चहाचा डाग वाटावा. तिनं पर्समधला आरसा काढला, पानाशेजारी उभा धरला. आरशात दोन ओळी सुलट होऊन उभ्या राहिल्या. प्रथम प्रकाशित. पुन्हा छापलं. पानावरून काढलेली ओळ समोर साक्षीला बसली होती. आरशात ओळीच्या वर तिची स्वतःची हनुवटी दिसत होती, तिच्यावरचा एक राठ केस, ओठांच्या कडेला पडलेली घडी. ही घडी नानांची. हनुवटीही नानांचीच.

ती उठून हात धुवायला गेली. बेसिनवर साबणाची वडी होती, भेगाळलेली, भेगांत काळं भरलेलं, आणि तिला कोणाचा तरी लांब केस चिकटला होता. ती नुसत्या पाण्यानं हात चोळत राहिली. चोळता चोळता ओठांवर एक जुनी चव आली. खडूसारखी, किंचित गोड. खिडकीशी ठेवलेलं टेबल, त्यावर पांढरा पंचा, पंच्यावर उघडं पुस्तक आणि नानांच्या चिमटीत ब्लेडचा तुकडा. ती सात-आठ वर्षांची असेल. पुस्तकं आजारी पडतात, मी त्यांना बरं करतो, असं नाना म्हणत. तिचं काम फुंकर मारायचं. ‘हळू. थुंकी उडवू नकोस.’ ती गाल फुगवून बारीक फुंकर मारी, कागदाची पिठी उडे, उन्हात तरंगे, ओठांवर बसे. ती जिभेनं चाटून घेई. नाना तिच्याकडे बघून हसत; एरवी ते तिच्याकडे बघून हसत नसत. त्या खिडकीमुळेच मी या धंद्यात आले, असं तिनं एकदा एका मासिकाच्या बाईंना सांगितलं होतं, त्यांनी ते फोटोसकट छापलं होतं आणि नानांनी ते कापून पाकिटात ठेवलं होतं. तिनं चूळ भरली. पुन्हा भरली. चव गेली नाही. चार दशकांपूर्वी गिळलेलं ते आता कुठून थुंकणार?

परत येऊन तिनं खोकं तपासायला घेतलं. एक पुस्तक खरं निघालं, मग आणखी एक. तिला वाटलं, असेल एखाद-दुसरं, माणूस आहे. मग पुन्हा ती मांजराची जीभ. पुन्हा. काही ठिकाणी हात कच्चा होता, कागद आरपार जाऊन मागून चिकटवलेला. काही ठिकाणी इतका सफाईदार की दिवा आडवा करूनही शंकाच यावी. शिकत गेलेला हात. जुन्या पुस्तकांची घाण तिला नवी नव्हती. पानांत चिरडलेले किडे तिनं पाहिले होते, वाळलेला शेंबूड, नखं, खुणेसाठी ठेवलेली एक दात कोरायची काडी. ती सगळी परक्यांची घाण होती. चिमट्यानं उचलायची, टाकायची, हात धुवायचे. ही घाण तिच्या आडनावाची होती. हिच्यावर ती वाढली होती.

खोक्याच्या तळाशी हिरव्या कापडाचं एक पुस्तक होतं. ते उचललं आणि वास आला. यंत्राच्या तेलाचा, खवट झालेल्या, जुन्या. खालच्या कोपऱ्यात पानापानांतून उतरत गेलेला एक डाग होता, तिथला कागद मेणकापडासारखा पारदर्शक. तिला पुस्तकाचं नाव वाचायची गरजच पडली नाही.

मामा शिवणयंत्राचे सुटे भाग विकत गावोगाव फिरायचा. आईचा एकुलता एक भाऊ. त्याच्या बॅगेत सुया, बॉबिनं, पट्टे आणि तेलाच्या चपट्या बाटल्या असत आणि त्याच्या बोटांना, रुमालाला, त्यानं आणलेल्या गोळ्यांनासुद्धा तो वास असे. नानांना कंदीलवाल्यांचं वेड आहे एवढंच त्याला माहीत. एका गावी जुन्या सामानात त्याला कंदील दिसला. त्यानं ते पुस्तक आपल्या धुतलेल्या शर्टात गुंडाळून आणलं, नानांच्या वाढदिवसाला, जेवायला कॉलेजातले चार लोक होते तेव्हा. वाटेत बाटली फुटली होती. त्यानं फार माफी मागितली. नानांनी पुस्तक दोन बोटांत धरलं, नाक मुरडलं, नावाचं पान उलटलं आणि ते टेबलावर सगळ्यांना दिसेल असं धरून त्या दुसऱ्या ओळीवर नख ठेवलं. ‘मेहुणे, हे पुस्तक नव्हे. हे पुस्तकाचं उष्टं. लोकांनी खाऊन झाल्यावर उरलं ते तुम्ही आमच्या ताटात वाढलंत.’ लोक हसले. नाना चांगलं बोलत. लोकांना हसावं लागे. मामाही हसला. त्याच्या तोंडात घास होता. तो हसत होता आणि तोच घास चावत होता, कितीतरी वेळ, गिळता येत नसल्यासारखा, आणि समोर बसलेली ती त्याच्या दातांमधला तो लगदा बघत होती. तिलाही हसू आलं होतं. पुढं नानांनी हा किस्सा वर्गात सांगितला, दरवर्षी नव्या मुलांना. मामाचं येणं कमी झालं, मग नुसता दारापर्यंत, मग तेही नाही. आणि एक दिवस तो कुठल्याशा गावच्या लॉजवर झोपेतच गेला.

तिनं पान उलटलं. प्रथम प्रकाशित. खाली कोरा कागद.

अंगठा फिरवायचं तिच्या जिवावर आलं. फिरवला. कामात कसर नव्हती. तिनं पाहिलेल्यांत हे सगळ्यात सुबक. पुढचं कोरं पान, ज्यावर मामानं वेलांट्या चुकवून काहीतरी लिहिलं होतं, ते शिवणीपाशी कापून काढलेलं होतं. ज्याला चारचौघांत उष्टं म्हटलं ते या माणसानं दार लावून खाल्लं होतं. वाटी चाटूनपुसून ठेवावी तसं.

‘काय म्हणतात वडिलांची रत्नं?’ साहेब दारात उभे होते. त्यांना ती सरळ म्हणाली, ‘या खोक्यातली निम्म्याहून जास्त खोटी आहेत. पाठीमागच्या ओळी ब्लेडनं खरवडल्यात.’ साहेब आत आले, दार लोटलं, पुस्तकाकडे न बघता खुर्चीत बसले. ‘एवढं तपासायला कोणी सांगितलं होतं?’

‘तपासायलाच दिली होतीत.’

‘बाई, झाकली मूठ असते. विकायची आहेत का? फुकट द्यायची आहेत. काचेआड बसतील, कोणी हात लावणार नाही. म्हातारा माणूस, दोन दिवसांचा सोबती. मी खोटं लिहा असं म्हणत नाही. लिहा, संग्राहकाच्या घरून थेट आलेल्या, जिवापाड राखलेल्या प्रती. यात खोटं काय?’

काहीच नव्हतं. वाक्य चांगलं होतं. अशी वाक्यं करायला तिनंच त्यांना शिकवलं होतं, ज्यांत एकही शब्द खोटा नसतो आणि सगळं मिळून लबाडी होते. किळस येत असतानाही ‘जिवापाड’च्या जागी ‘काळजीपूर्वक’ जास्त शोभेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी ती आईवडिलांकडे गेली. लिफ्टमध्ये कोणाच्या तरी ओल्या कुत्र्याचा वास कोंडला होता. दार आईनं उघडलं. नाना पलंगावर उशांना टेकून बसले होते, गळ्याशी टॉवेल, मांडीवर वाडगा, वाडग्यात दुधात कुस्करलेला पाव. कवळी शेजारी ग्लासात पडली होती, पाण्यात मोठी दिसत होती. ते चमचा ओठांशी नेत, ओठ आत ओढले जात, हनुवटीवरून दुधाचा ओघळ टॉवेलवर पडे. तिला आजवर या सगळ्याची दया येत आली होती. आज ती दया कुठं सापडेना.

‘नाना, कंदीलवाल्यांची पुस्तकं तुम्ही खरवडलीत.’

ते चघळत राहिले. गिळून झाल्यावर म्हणाले, ‘काही काही.’

‘मामाचंसुद्धा.’

‘तेल सांडलेलं? त्याचं कापड फार सुरेख होतं. टाकवेना.’

‘तुम्ही सगळ्यांसमोर त्याला उष्टं म्हणालात.’

‘तेव्हा होतंच ते उष्टं.’ ते शांतपणे म्हणाले. ‘नंतर मी ते नीट केलं.’

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, लाज नव्हती. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघावं तसे ते बघत होते. ‘विकायची नव्हती तर कशासाठी?’ तिनं विचारलं.

‘दात पडला की जीभ सारखी तिथंच जाते ना? फळीचं तसंच असतं. एक नसलं की तेच दिसतं. तू लोकांची पुस्तकं बघतेस, बाईसाहेब. स्वतःची फळी असती तर विचारलं नसतंस.’ आणि चमचा वाडग्यात फिरवत, ‘काय लिहिणार आहेस?’

‘आहे ते.’

‘शुद्धलेखन बघ.’ ते म्हणाले आणि पुन्हा खाऊ लागले.

आई स्वयंपाकघरात कट्टा पुसत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. त्या घरात सगळ्यांना सगळं ऐकू जाई. ‘ब्लेडं मीच आणायचे,’ ती पाठमोरीच म्हणाली. ‘दाढीची नकोत, वाकतात म्हणायचे. नकाशे काढणाऱ्यांची मिळायची, ती. पुडीत बांधून.’

‘आई, ते तुझ्या भावाचं पुस्तक होतं.’

‘म्हणून तर मला बरं वाटलं. ठेवलं ना शेवटी.’ तिनं फडकं पिळलं; गढूळ पाणी बोटांतून उतरलं. ‘त्याला मी दाखवलं होतं. हे कॉलेजात गेले होते, तो दाराशी आला होता. म्हटलं, आत ये, तुझं पुस्तक बघ कुठं आहे ते, वरच्या फळीवर, पहिल्यांमध्ये. कपाट उघडून हातात दिलं. त्यानं पान उलटलं. खूप वेळ बघितलं. बोट फिरवलं त्या जागेवर.’

‘आणि?’

‘छान झालंय, म्हणाला. बोट पँटला पुसलं. चहा ठेवते म्हटलं तर थांबला नाही. त्यानंतर आला नाही बघ तो.’ आईनं फडकं दोरीवर टाकलं, कडा सारख्या केल्या. ‘मला वाटलं होतं त्याला आनंद होईल.’

इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की मामा त्या जेवणाच्या अपमानानं तुटला. अपमान तर त्यानं गिळला होता, सावकाश, हसत हसत. नंतरही दाराशी येतच होता, ते पान बघेपर्यंत. आईला हे कधीच कळलं नव्हतं, की कळून तिनं ते फडक्यासारखं पिळून वाळत घातलं होतं, हे तिच्या पाठीकडे बघून सांगता येईना. आईच्या मानेवरचा घाम, पोलक्याची उसवलेली शिवण, बेसिनच्या जाळीत अडकलेले शिळे कण, सगळं एकदम फार जवळ आलं. ती जेवायला थांबली नाही. जिन्यानं उतरली.

दुसऱ्या दिवशी उरलेली खोकी तपासून तिनं लिहायला घेतलं. खऱ्या पुस्तकाखाली नुसतं ‘पहिली’. प्रत्येक खोट्या पुस्तकाखाली: नावाच्या पानाची पाठ ब्लेडनं खरवडलेली, पुनर्मुद्रणाची ओळ काढलेली, समोरच्या पानावर सावली शिल्लक. पुन्हा पुन्हा तेच लिहिताना हात हलका होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट लिहिता लिहिता एक घाणेरडी मजा येऊ लागली, खपली काढताना येते तशी. कुठं कच्चा हात, कुठं पक्का, कुठं कागद मागून भरलेला, ती बारकाव्यानं नोंदत गेली, नोंदताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात बाहेर आली, आणि ते लक्षात आल्यावर तिनं ती दातांखाली दाबली. मामाच्या पुस्तकापाशी ती थांबली. त्याच्याखाली मामाविषयी एक शब्द लिहावासा वाटला. लिहिला नाही, तिथंही तेच लिहिलं. साहेबांना न विचारता तिनं कागद कॉलेजच्या ग्रंथपालाला पाठवून दिले.

पुढचं फार सभ्यपणे झालं. कॉलेजनं कळवलं की जागेच्या अडचणीमुळे खोलीचा विचार तूर्त पुढे ढकलला आहे. खोकी परत आली आणि आईवडिलांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून राहिली. साहेबांनी तिला घड्याळं आणि काचसामानाच्या विभागात बसवलं. म्हणाले, ‘थोडा बदल.’ नातेवाइकांत बातमी गेली तेव्हा एक मावशी फोनवर म्हणाली, ‘कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं,’ आणि कुंपण म्हणजे नाना की ती हे मावशीनं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. आईचा फोन बंदच झाला होता. तो एका रविवारी सकाळी आला. ‘तुला बोलावलंय,’ एवढंच.

नाना उशांना टेकून बसले होते. कवळी ग्लासातच होती. पांघरुणावर खोक्यांबरोबर आलेली तिच्या टिपणांची प्रत पसरलेली होती, हातात भिंग, कागदांच्या कडांना पेन्सिलीच्या बारीक खुणा. ती दाराशीच उभी राहिली. शिव्या ऐकायची तिची तयारी होती. रडले असते तर त्याचीही असावी. नानांनी भिंग खाली ठेवलं.

‘सावलीचं कसं लक्षात आलं?’

‘आरसा धरला.’

‘हं.’ त्यांनी मान डोलावली. हुशार मुलांसाठी राखलेली ती मान तिनं वर्गाच्या खिडकीतून पाहिली होती. घरात कधी पाहिली नव्हती. ‘सावली माझ्या ध्यानातच आली नाही. इतकी वर्षं समोर होती.’ ते कागद चाळत राहिले. ‘मागून कागद भरलेला तेही बरोबर पकडलंस. भाषा नेटकी आहे. एकही शब्द जास्त नाही.’ मग त्यांनी वर पाहिलं. ओठ मागे सरले, हिरड्या दिसल्या, गुलाबी, ओल्या, तान्ह्या मुलासारख्या, आणि डोळ्यांत एक लहानसा, लखलखीत आनंद आला.

‘पण एक सुटलं तुझं.’

स्वयंपाकघरात नळ बंद झाला.

‘खरं म्हणून लिहिलंयस. माझंच काम आहे ते.’ त्यांनी ओठांच्या कडेची लाळ मनगटानं पुसली. ‘सावलीही नाही त्याला.’

तिला शिसारी आली. या हिरड्या, हा पेन्सिलीनं खुणा करणारा म्हातारा हात, हे कौतुक, जे मिळवायला तिनं आयुष्यभर पानं उलटली असतील. मला जाणून घ्यायचं नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. निघून जायचं, जिना उतरायचा, पुन्हा यायचं नाही. मनात मात्र त्याच क्षणी ती एकेक पुस्तक उचलून दिव्याखाली धरत होती, निळं, तपकिरी, ते जाड, ते बारीक कण्याचं, कुठं, कुठं अंगठा फसला.

‘कुठलं?’ तिनं विचारलं.

नानांनी पांघरुणावरचे कागद एका बाजूला सारले. तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली.